तात्पुरता डेटाबेस आणि ओडीबीएल: या चुका टाळा

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा तात्पुरत्या डेटाबेसमध्ये भरला, त्यातून नकाशा तयार झाला, टेबलं पुसली, आता परवान्याचा प्रश्नच नाही, असं समजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा 2012 पासून ओडीबीएल 1.0 (ओपन डेटाबेस लायसन्स, डेटाबेससाठीचा खुला परवाना) खाली आहे आणि डेटाबेस किती तास टिकला हे हा परवाना विचारत नाही. नकाशा लोकांसमोर गेला की मधला साधित (मूळ डेटा बदलून बनवलेला) डेटाबेसही सार्वजनिक वापरात आला, असं कलम 4.4 मानतं. मग नकाशा मिळालेल्याला कलम 4.6 नुसार एकतर तो अख्खा डेटाबेस द्यायचा, नाहीतर सगळ्या बदलांची फाइल किंवा ते बदल करण्याची पद्धत.

म्हणजे पुसायला हरकत नाही, पद्धत मात्र हाताशी हवी. घोडं अडतं ते इथेच: एसक्यूएल (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) सापडतं, पण मूळ पीबीएफ फाइल (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा ज्या स्वरूपात उतरवतात ती) कोणत्या तारखेची हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ड्रॉप टेबलच्या (टेबल पुसण्याच्या आज्ञेच्या) आधी, त्याच स्क्रिप्टमध्ये, मूळ फाइलची रेप्लिकेशन वेळ (डेटा कोणत्या क्षणापर्यंतचा आहे ती; ऑस्मियम या टूलच्या फाइलइन्फो कमांडने दिसते) आणि चेकसम (फाइल तीच आहे हे पडताळणारा आकडा), इम्पोर्ट टूलची आवृत्ती, लुआ स्टाइल फाइल (कोणता डेटा कोणत्या टेबलात जाईल हे ठरवणारी) आणि नंतर चालवलेलं सगळं एसक्यूएल जपून ठेवा. हाताने केलेल्या दुरुस्त्या स्क्रिप्टमध्ये उतरत नाहीत. त्यांची फाइल वेगळी ठेवा.

स्वतःची बंदिस्त यादी तात्पुरत्या टेबलात मिसळून दुबार नोंदी काढल्या, तर ती भरही पद्धतीसोबत द्यावी लागते. द्यायची नसेल तर जोडूच नका. नकाशावर तिचा वेगळा थर ठेवा.

उलट टोकाची भीतीही नको. नुसतं फॉरमॅट बदलणं किंवा इंडेक्स बांधणं हे ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचनांत क्षुल्लक रूपांतर धरलं जातं, म्हणजे त्यातून साधित डेटाबेस होत नाही. तुमच्या सूचनेनुसार काम करणाऱ्या सल्लागाराला डेटाबेस दिला, तरी तो 'सार्वजनिक' होत नाही.

नवा परवाना लिहिताना '24 तासांत पुसल्यास सूट' असं कलम घालायचा मोह टाळा. रोज रात्री टेबलं पाडून पुन्हा बांधणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) त्यातून सहज निसटतो. शिवाय 1996 चा युरोपीय डेटाबेस निर्देश कायमची आणि तात्पुरती अशी दोन्ही प्रकारची नक्कल हक्कधारकाच्या अखत्यारीत ठेवतो, तेव्हा सूट द्यायची तर ती स्पष्ट शब्दांत लिहावी लागते. घड्याळ सोडा, अटी घाला: मूळ डेटा आणि जाहीर पद्धत यांवरून यांत्रिकपणे पुन्हा तयार होणारा, बाहेरची भर नसलेला आणि कुणाच्या हाती न दिलेला डेटाबेस सुटीत; बाकी सगळे नियमात.