सॅटेलाइटचा डेटा आंतरराष्ट्रीय पर्यावरण निर्णयांपर्यंत पोचवायचा कसा

बरेच जण इथे सुरुवातच उलट्या टोकाने करतात. आधी इमेजेस डाउनलोड करायच्या, मग छान रंगीत नकाशा बनवायचा, आणि तो तयार झाला की शोधाशोध सुरू, की आता हा दाखवायचा कुणाला. तसं करू नका. ज्या कागदावर निर्णय होणार आहे तो कागद आधी समोर घ्या, म्हणजे करार कोणता, त्यातलं कलम कुठलं, सदस्य देशांना रिपोर्टमध्ये नेमका कोणता आकडा भरायचाय, कुठल्या वर्षाशी तुलना करून आणि कोणत्या तारखेच्या आत. हे हातात आल्याशिवाय सॅटेलाइट निवडायला जाऊच नका.

उदाहरण घेऊ. वाळवंटीकरणाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार आहे त्यात देशांना सांगावं लागतं की आपली किती टक्के जमीन खालावली, शाश्वत विकास उद्दिष्टांमधला १५.३.१ नंबरचा निर्देशक तो हाच. त्यात तीन गोष्टी बघतात, जमिनीवर काय आहे, जमिनीची उत्पादकता किती आणि मातीत कार्बन किती, आणि तिन्हीतली एक जरी घसरली तरी तो तुकडा खालावलेला धरायचा. बेसलाइन, म्हणजे ज्या काळाशी तुलना करायची तो, आहे २००० ते २०१५ ची. आता तुम्ही सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहाचा १० मीटरचा (म्हणजे इमेजमधला एक ठिपका, पिक्सेल, जमिनीवर १० मीटरचा) डेटा घेऊन गेलात, दिसायला तो भारीच दिसणार, पण पहिला सेंटिनेल-२ वर गेला २०१५ मध्ये, मग बेसलाइन आणणार कुठून? इथे नासाच्या उपग्रहांवरचा २५० मीटरचा जाडाभरडा मोडिस सेन्सर किंवा अमेरिकेचीच लँडसॅट ही ३० मीटरची उपग्रह मालिका कामाला येते, कारण मागची वर्षं त्यांच्याकडे आहेत. लँडसॅटचं रेकॉर्ड तर १९७२ पासूनचं, आणि २००८ पासून ते सगळ्यांना फुकट मिळतं. अशा कामात जुना साधा डेटा नव्या चकचकीत डेटापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो असं माझं ठाम मत आहे.

मग व्याख्या. जंगल म्हणजे काय हे आधी लिहून काढा, खरंच लिहून काढा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशोबात अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठा तुकडा, ५ मीटरपेक्षा उंच झाडं आणि वरून बघितलं तर १० टक्क्यांच्या वर जमीन झाकणारं झाडांचं छत्र असेल तर ते जंगल, पण पाम तेलाची लागवड त्यात धरत नाहीत. सॅटेलाइटला मात्र फक्त झाडं दिसतात, लागवड काय आणि रान काय. शिवाय झाडं तोडून तिथे परत झाडंच वाढणार असतील तर संघटनेच्या हिशोबात ते जंगलच राहतं, सॅटेलाइटच्या नकाशात मात्र त्या वर्षी तूट दिसते. म्हणून एकाच देशाचे दोन आकडे येतात, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि बैठकीत दोन तास त्यावरच वाद होतो.

सेन्सर निवडणं त्यामानाने सोपं. सतत ढग असलेल्या भागात रडार घ्या, सेंटिनेल-१ ढगातून आणि रात्रीही बघतो. मिथेनसाठी सेंटिनेल-५पी रोज जवळजवळ सगळी पृथ्वी बघतो, पण त्याचा एक पिक्सेल साधारण साडेपाच बाय सात किलोमीटरचा, म्हणजे कुठल्या भागात गळती आहे ते कळेल, कुठल्या पाइपात आहे ते नाही, त्यासाठी बारीक नजरेचे दुसरे उपग्रह लागतात. भूजलासाठी ग्रेस आणि त्याच्यानंतरचा ग्रेस-एफओ हे उपग्रह गुरुत्वाकर्षणातला फरक मोजतात, तो काही शे किलोमीटरच्या पट्ट्यांसाठी ठीक, त्याला एका तालुक्याएवढ्या भागाचं विचारू नका.

आता एक खड्डा दाखवतो ज्यात मी चांगली चांगली माणसं पडताना पाहिलीत. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रोसेसिंगमध्ये बदल झाला आणि फाइलमधल्या आकड्यांमध्ये १००० मिळवले जायला लागले. हिरवाई मोजायचा एनडीव्हीआय म्हणजे इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचं आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा लाल ४०० आणि इन्फ्रारेड ३०००, तर उत्तर ०.७६. तीच जमीन, तीच झाडं, पण हजार वजा करायचे राहिले तर लाल १४०० आणि इन्फ्रारेड ४०००, उत्तर ०.४८. म्हणजे एक पानही न हलता अख्ख्या देशाचं जंगल एका रात्रीत सुकलं असं ग्राफमध्ये दिसणार, आणि हा ग्राफ जर एखाद्या देशाच्या प्रतिनिधीसमोर गेला तर पुढची काही वर्षं तो तुमचा कुठलाच आकडा मानणार नाही. त्यामुळे २०२२ च्या आधीचा आणि नंतरचा डेटा एकत्र वापरताना आधी हे तपासा, किंवा आधीच जुळवून घेतलेला संच वापरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, क्षेत्रफळ काढताना नुसते पिक्सेल मोजू नका. हे मी कळकळीने सांगतोय कारण अजूनही रिपोर्टमागून रिपोर्ट असेच निघतात. समजा भाग १० लाख हेक्टरचा आहे आणि नकाशा म्हणतो १० हजार हेक्टर जंगल गेलं. तुम्ही ‘गेलं’ म्हटलेल्या भागात १०० रँडम ठिकाणं निवडली आणि बारकाईच्या इमेजमध्ये डोळ्यांनी तपासली, ८० ठिकाणी खरंच गेलं होतं. ‘शाबूत’ म्हटलेल्या ९ लाख ९० हजार हेक्टरमध्ये ५०० ठिकाणं तपासली, त्यातली फक्त ५ गेलेली निघाली. ५०० मध्ये ५ म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण हिशोब करा. पहिल्या भागातून १० हजारचे ८० टक्के म्हणजे ८ हजार, दुसऱ्या भागातून ९ लाख ९० हजारचा १ टक्का म्हणजे ९,९००, बेरीज १७,९०० हेक्टर. नकाशाच्या जवळपास पावणेदोन पट! आणि ९५ टक्के खात्रीची रेंज काढली तर साधारण ८,७०० इकडे तिकडे, म्हणजे खरा आकडा ९,२०० ते २६,६०० च्या मध्ये कुठेतरी. रेंज एवढी मोठी आली तर लपवू नका, शाबूत भागात अजून ठिकाणं तपासा, विशेषतः जंगलाच्या कडेकडेने वेगळा थर करून, कारण चुका बहुतेक तिथेच होतात. जंगलाच्या कार्बनवर जिथे पैसे मिळतात तिथे ही रेंजच ठरवते की किती टन मान्य होणार.

जमिनीवरची मोजमापं सोडू नका. ओझोनचं छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आलं ते अंटार्क्टिकावरच्या हॅली स्टेशनमधल्या जमिनीवरच्या उपकरणामुळे. निंबस-७ उपग्रहानेही तेच कमी आकडे टिपले होते, पण एवढं कमी असूच शकत नाही म्हणून सॉफ्टवेअरने ते संशयास्पद ठरवून बाजूला काढले होते. नंतर तेच उपग्रहाचे नकाशे बघून कळलं की छिद्र एका स्टेशनपुरतं नाही, खंडाएवढं आहे, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. म्हणून तुमच्या फिल्टरने काय काय टाकून दिलं ते एकदा स्वतः उघडून बघा.

निर्णय कसला आहे त्यावर कसला डेटा बनवायचा ते ठरतं, हे ब्राझीलकडून शिकावं. त्यांच्याकडे प्रोडेस ही उपग्रहावरून जंगलतोड मोजणारी यंत्रणा १९८८ पासून वर्षाला एक अधिकृत आकडा देते, धोरणासाठी आणि जगाला दाखवायला, आणि २००४ पासून डेटर आहे ते झटपट इशारे देतं, ज्यावरून तपासणी पथकं निघतात. डेटरचा आकडा वार्षिक हिशोबासाठी वापरला की गोंधळ होणारच, तो त्यासाठी बनवलेलाच नाही. २००४ मध्ये ॲमेझॉनमधली तोड वर्षाला २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, २०१२ पर्यंत ती साडेचार हजारांच्या आसपास आली. अर्थात ते काही एकट्या उपग्रहाने केलं नाही, दंड, कर्जावरची बंधनं, नवी संरक्षित क्षेत्रं हे सगळं सोबत होतं, पण कुठे जायचं हे इशाऱ्यांनी सांगितलं.

देशाला अंधारात ठेवून त्याच्याबद्दलचा आकडा जाहीर करायची घाई करू नका. वाळवंटीकरणाच्या करारात सचिवालय देशांना तयार जागतिक डेटा देतं, पण देश त्याच्या जागी स्वतःचा चांगला डेटा वापरू शकतो, आणि ही पद्धत मला फार आवडते, कारण स्वतः तपासलेला आकडा देश नंतर नाकारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची २०२२ मध्ये जाहीर झालेली मिथेन इशारा यंत्रणाही असंच करते, मोठी गळती दिसली की आधी सरकारला आणि कंपनीला कळवतात, मग काही काळाने डेटा उघड करतात. आणि हो, नकाशावरच्या सीमारेषा! वादातल्या सीमेची एक रेघ चुकली तर तुमच्या जंगलाबद्दल कुणी बोलणारच नाही, सगळी बैठक त्या रेघेवर जाईल. ज्या संस्थेच्या बैठकीत मांडायचंय तिचाच अधिकृत सीमांचा संच घ्या.

शेवटी प्रतिनिधीच्या हातात एक पान द्या. वरती एक वाक्य, त्यात आकडा, रेंज, बेसलाइन वर्ष आणि व्याख्या. खाली एकच नकाशा. आणि हे पान बैठकीच्या दिवशी नाही, काही आठवडे आधी, कारण देशांची भूमिका घरीच ठरते, तिथे येऊन फक्त शब्द बदलतात. बाकीचं सगळं, कोणत्या तारखेच्या इमेजेस, संचाची आवृत्ती, कोड, तपासलेल्या ठिकाणांची यादी, हे उघड्या जागी ठेवा. आवृत्ती तर आवर्जून लिहा. लँडसॅटचं कलेक्शन १ हे २०२२ च्या शेवटी बंद झालं आणि आता कलेक्शन २ चालतं, त्यामुळे पाच वर्षांनी कुणी तुमची बेसलाइन परत काढायला बसला आणि आकडा जुळला नाही, तर चूक कुणाची ते त्या एका ओळीवरून कळेल.