ऑडिटमध्ये सगळीकडे माझंच नाव! (सिक्युरिटी डिफायनरचा अनुभव)

पहिल्या जॉबला दोनेक महिने झालेले. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पगार बदलायचं फंक्शन लिहिलं, पगाराच्या टेबलवर कोणाला डायरेक्ट अपडेट करता येऊ नये म्हणून त्याला सिक्युरिटी डिफायनर लावलं आणि बदल कोणी केला ते कळावं म्हणून ऑडिट टेबलमध्ये करंट_यूजर टाकलं. टेस्टिंग माझ्याच लॉगिनने, फंक्शनचा ओनरही मीच, मग काय, सगळं बरोबर दिसणारच ना. पंधरा दिवसांनी अकाउंट्सवाले विचारतायत, एवढे पगार तू का बदलतोयस बाबा? बघतो तर प्रत्येक ओळीत मीच!

सिक्युरिटी डिफायनर म्हणजे फंक्शन ओनरच्या हक्कांनी चालतं, त्यामुळे आत करंट_यूजर विचारलं की ओनरच मिळतो. लॉगिन कोणाचं होतं ते सेशन_यूजर सांगतो, कोणी मधेच सेट रोल करून दुसरा रोल घेतला तरी तो बदलत नाही. (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्येही असंच, तिथे आत करंट_यूजर म्हणजे डिफायनर आणि नुसतं यूजर म्हणजे कनेक्ट झालेला. वर तिथे डिफायनर हाच डिफॉल्ट, पोस्टग्रेसमध्ये तसं नाही.)

सेशन_यूजर टाकला, खूश झालो. मग वेब अ‍ॅप आलं. पूलमधली (उघडी ठेवून आलटूनपालटून वापरायची) सगळी कनेक्शन्स एकाच लॉगिनची, म्हणजे परत प्रत्येक ओळीत एकच नाव, फक्त आता माझ्याऐवजी अ‍ॅपचं. डेटाबेसला खरा माणूस माहीतच नसतो हो, अ‍ॅपनेच सांगावं लागतं. ट्रान्झॅक्शन सुरू झालं की सेट_कॉन्फिगने यूजर आयडी ठेवायचा आणि फंक्शनमध्ये करंट_सेटिंगने वाचायचा. सेट_कॉन्फिगचा तिसरा पॅरामीटर ट्रूच द्या, म्हणजे व्हॅल्यू त्या ट्रान्झॅक्शनपुरतीच राहते. फॉल्स दिलात तर व्हॅल्यू कनेक्शनवर तशीच राहते, तेच कनेक्शन पुढच्याला मिळतं आणि त्याचं काम आधीच्याच्या नावावर चढतं, हे तर माझ्या घोळापेक्षा भारी. आणखी एक गंमत, ट्रान्झॅक्शन संपल्यावर त्याच कनेक्शनवर ती सेटिंग वाचली तर नल नाही, रिकामी स्ट्रिंग येते, यात माझी अख्खी दुपार गेली. दोन्ही चेक करा, काही नसेल तर सरळ एरर फेका.

पण ज्याला डायरेक्ट एसक्यूएल चालवता येतं तो त्या सेटिंगमध्ये कोणाचाही आयडी घालू शकतो. म्हणून हक्क द्यायचे की नाही हे तिच्यावर ठरवू नका आणि ऑडिटमध्ये शेजारी सेशन_यूजर पण लिहा. फंक्शन चालवायचा हक्क सुरुवातीला पब्लिकला, म्हणजे सगळ्यांना, असतो तो काढा, सर्च_पाथ (टेबलं-फंक्शनं कोणत्या स्कीमांमध्ये शोधायची ती यादी) फंक्शनवरच फिक्स करा. आणि टेस्ट करताना प्लीज दुसऱ्या लॉगिनने करा.