जुलैच्या मेळाव्यासाठी जुनी जावा-येझदी तयार करताना

जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदी या मोटरसायकलवाल्यांचा दिवस. युरोपात तेव्हा लख्ख उन्हाळा असतो, आपल्याकडे मात्र आभाळ फाटलेलं असतं. म्हणून आपल्या मेळाव्याची तयारी म्हणजे खरं तर पावसाची तयारी. म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून जावा आणि नंतर येझदी निघाल्या, आणि तिथलं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. त्यामुळे तिथली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीला टेकलीय किंवा ओलांडून गेलीय. त्यात वर्षातले आठ-दहा महिने ती कव्हराखाली उभी असते.

काम जूनच्या पहिल्या आठवड्यात काढा. ऐन वेळी लेथवाला मोकळा नसतो आणि सुटे भाग कुरिअरने यायला वेळ लागतो. क्रम असा ठेवा: इंजिन आणि सील, मग पेट्रोल, मग करंट, मग ब्रेक आणि टायर. पॉलिश सगळ्यात शेवटी. क्लबात नवीन आलेला माणूस नेमका उलटा सुरू करतो. टाकीच्या क्रोममध्ये तोंड दिसतं, पण गाडी पहिल्या सिग्नलला बंद.

इंजिन मोकळं आहे का

प्लग काढा आणि किक हाताने हळू दाबा. इंजिन फिरलं तर ठीक. अडलं तर किकवर उभं राहून उडी मारू नका. आतल्या किकच्या गिअरचे दाते गेले की साध्या जाम पिस्टनचं काम दुप्पट होतं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल निम्मं निम्मं, एकूण 30-40 मिली सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे डुलवा. किकपेक्षा चाकाने पिस्टनवर जोर सावकाश आणि सारखा येतो. चौथ्या दिवशीही हललं नाही तर हट्ट सोडा आणि हेड उतरवा. हे मिश्रण आत मुरलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा चालू केल्यावर गल्ली धुराने भरेल. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

सुरू करण्यापूर्वी क्लच दाबून चार-पाच किका मारा. बरेच दिवस उभ्या गाडीत क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. त्या सुटल्या नाहीत तर पहिला गिअर टाकताच गाडी उडी घेते.

आता क्रँकची ऑइल सील. या इंजिनात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि दोष मात्र कार्बोरेटरवर जातो. टू-स्ट्रोकचा क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा कप्पा, हवाबंद लागतो. उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं आणि शाफ्टला धरत नाही. उजवीकडच्या, म्हणजे डायनॅमोकडच्या सीलमधून बाहेरची हवा आत ओढली गेली तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही, इंजिन प्रमाणाबाहेर तापतं आणि लांबच्या पल्ल्यात पिस्टन पकडतो. डावीकडचं सील गेलं तर प्रायमरीतलं, म्हणजे क्लचच्या कप्प्यातलं, ऑइल आत ओढलं जातं. तिथलं ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच असल्यामुळे गिअरऑइलची पातळी कमी होत जाते, पांढरा दाट धूर निघतो आणि प्लग ओला होऊन मरतो. गिअरऑइल कुठेही न गळता कमी झालं असेल तर दुसरीकडे शोधू नका, तेच सील आहे. उजवं सील तपासायला काही जण इंजिन चालू असताना तिथे पेट घेणारा स्प्रे मारतात. डायनॅमोचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकत असतात, तेव्हा हा प्रयोग नको. सील स्वस्त असतं. शंका असली तर बदलून टाका, दोन्ही एकदम.

टाकी, नळ आणि मिश्रण

टाकी रिकामी करून आत टॉर्च मारा. गंज हलका असेल तर व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा आणि लगेच कोरडी करा. लगेच म्हणजे खरोखर लगेच, नाहीतर तासाभरात तांबूस थर परत धरतो. कोरडी झाली की थोडं टू-टी ऑइल घालून सगळीकडून फिरवा. क्रोम आणि रंगावर ओघळ येऊ नये म्हणून झाकणाभोवती आधी टेप लावा. पूर्वी कोणी आतून रेझिनचा थर दिला असेल तर तो हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फुगून पापुद्रे सुटतात आणि पेट्रोलच्या नळाची जाळी गच्च होते. गाडी दहा मिनिटं चालून बंद पडते, थोडं थांबलं की परत चालते, अशी तक्रार असेल तर आधी जाळी पाहा आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याचे इथे तीन परिणाम होतात. नळाची बुचाची पॅकिंग आणि रबरी पाइप खराब होतात, म्हणून इथेनॉलला टिकणारा पाइप घाला. हवेतली ओल शोषली जाऊन तळाशी पाणी बसतं, म्हणून ऑइल मिसळलेलं पेट्रोल चार आठवड्यांच्या वर साठवू नका. शिवाय त्याच जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं. मेन जेट एक नंबर मोठा घालून, दमाने आठ-दहा किलोमीटर चालवून प्लग काढा. चिनीमाती चहाच्या रंगाची हवी. पांढरी दिसली तर जेट अजून वाढवा. काळी आणि ओली असेल तर कमी करा, पण आधी सील आणि कार्बोरेटरची सुई तपासा.

पेट्रोलात टू-टी ऑइल मिसळायचं पुस्तकातलं प्रमाण 25 ला 1, म्हणजे लिटरमागे 40 मिली ऑइल. पाच लिटरला 200. आजची ऑइलं चांगली आहेत म्हणून बरेच जण 30 मिलीवर येतात. नवीन बोअर किंवा रिंगा असतील तर मात्र 50 मिलीवरच राहा. ऑइल थेट टाकीत ओतू नका, ते तळाशी जाऊन नळात बसतं आणि पहिलं पाव लिटर नुसतं ऑइलच येतं. वेगळ्या कॅनमध्ये लिटरभर पेट्रोलात पूर्ण ऑइल हलवून घ्या, मग उरलेलं पेट्रोल, मग टाकी. पंपावर घाईत हे जमत नाही, म्हणून मापाच्या छोट्या बाटल्या भरून खिशात ठेवा.

करंट

या गाड्या बॅटरीच्या करंटवर चालतात, त्यामुळे मेलेल्या बॅटरीवर किक मारून फायदा नाही. 6 व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी मीटरवर 6.3 च्या आसपास दिसायला हवी. 6 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. नंतरच्या काही येझदी 12 व्होल्टच्या आहेत, तिथे हे आकडे दुप्पट धरा.

पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच. त्याचा गॅप 0.4 मिमी आणि प्लगचा 0.6. आधी पॉइंट, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), हा क्रम बदलू नका. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. टायमिंगचा आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या, दुसऱ्याच्या गाडीचा नको. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर कोरं व्हिजिटिंग कार्ड पेट्रोलात बुडवून मधून ओढा. पेपरची पूड आणि बोटाचं तेल राहिलं की ठिणगी येत नाही, आणि माणूस कॉइल बदलून बसतो. पॉइंटवरच निळी मोठी ठिणगी दिसत असेल आणि ते पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर गेलाय.

नुकत्याच रंगवलेल्या गाड्यांचा एक खास रोग आहे. चेसिसला पावडर कोटिंग केलं की जिथे अर्थ लागायचा तिथे रंगाचा जाड थर बसतो. दिवे मंद, हॉर्न घोगरा, इंजिन मिसिंग, सगळं एकदम होतं. बॅटरीच्या अर्थच्या, कॉइलच्या आणि रेग्युलेटरच्या बोल्टखालचा रंग खरवडून उघडं लोखंड करा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. तसंच प्रत्येक वायरीच्या टोकाला.

पावसासाठी प्लगची टोपी आणि जाड वायर नवी घ्या. अंधारात इंजिन चालू करून जुन्या वायरीवर पाण्याचा फवारा मारला की ठिणग्या कुठून निसटतात ते दिसतं. डायनॅमोच्या झाकणाची पॅकिंग बदला. झाकणात वायर जिथून शिरते तिथली रबरी बुश बहुतेक वेळा फाटलेली असते आणि पाणी तिथूनच पॉइंटवर जातं.

बाकीचं

एक्झॉस्टच्या दोन्ही नळ्यांच्या चकत्या इंजिन गरम असताना सी-पान्याने पुन्हा आवळा. सैल राहिल्या तर थरथरून सिलेंडरचे आटे खातात, आणि आटे गेले की दुरुस्ती महाग. छिन्नी-हातोड्याने कधीच नको. सायलेन्सरमधले बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) काढून त्यांची काजळी जाळा किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवा. सोडा फक्त लोखंडाला, अॅल्युमिनियमला लागला तर ते खाऊन टाकतो.

किक आणि गिअरची दांडी एकच असते, आणि गिअर बदलताना पायाच्या दाबाने क्लच आपोआप सुटतो. त्यामुळे दांडीवर पाय ठेवून चालवायची सवय म्हणजे अर्धा क्लच दाबून चालवणं. पावसात गमबूट घातले की पाय टेकलाय हे कळतही नाही, आणि घाटात प्लेटा जळतात.

ब्रेकचे ड्रम उघडा, लायनर गुळगुळीत चकाकत असतील तर पॉलिश पेपरने उठवा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर ओल्या डांबरावर धरत नाही.

कागद

साधं आरसी आणि विमा चालू असेल तर तेच ठेवा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र या नोंदणीवर रोज फिरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी गाडी बाहेर काढता येते. ज्याला दर रविवारी चहाला जायचंय त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याच्या गाडीचे कागद वर्षानुवर्षं लटकलेत त्याला ही वाट उपयोगी आहे.

पीयूसीला थंड गाडी नेऊ नका. मार्च 2000 पूर्वीच्या टू-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9000 पीपीएम अशी मर्यादा आहे. बॅफल साफ करून, दहा किलोमीटर चालवून गरम गाडी नेली की नीट असलेली जावा यात बसते.

रस्त्यावर

मार्ग ठरवताना पालखीच्या तारखा आधी बघा. माउलींच्या पालखीच्या दिवशी दिवे घाटात गाड्या नेण्याचा विचारही नको. घोळका 45-50 च्या वेगाने, पुढे सगळ्यात कमजोर गाडी आणि सगळ्यात शेवटी ज्याच्याकडे हत्यारं आहेत तो. उलटं केलं की बंद पडलेला मागे राहतो आणि पुढच्यांना पत्ता नसतो. वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबा घ्या आणि हबवर हात ठेवून बघा, चटका बसला तर ब्रेक घासतोय.

उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी उतरवू नका. ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. मधूनमधून थ्रॉटल उघडून बंद करा. गाडी अचानक जड झाली, आवाज घुसमटला की पहिलं काम क्लच दाबणं. वेळेत दाबला तर पिस्टन फक्त ओरखडतो, नाही दाबला तर मागचं चाक जाम होतं. पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवा, ओल्या ड्रमला पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत.

बरोबर दोन प्लग, पॉइंट, कंडेन्सर, क्लच आणि थ्रॉटलची केबल, चेनलॉक, फिलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या), 6 व्होल्टचे बल्ब ठेवा. हे बल्ब वाटेतल्या दुकानात मिळणार नाहीत. चेनलॉकची उघडी बाजू चेन फिरते त्याच्या विरुद्ध दिशेला बसवा.

घरी परतताना शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला नळ बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या. बाउलमध्ये पेट्रोल राहिलं तर ते उडून जातं आणि चिकट ऑइल जेटमध्ये बसतं. महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकीही रिकामी करा, पावशेर टू-टी ऑइल आत फिरवून ठेवा, आणि बॅटरी काढून घरात घ्या.