झाडावरून पोर पडलं, कोपर सुजलं : पहिली रात्र कशी काढायची

मे महिना आला की खानापूर-जांबोटी भागातनं पोरं यायची. कुणी आंब्यावरून पडलेलं, कुणी जांभळावरून, कुणी काजूच्या फांदीवरून. बेळगावात 35 वर्षं हाडांचा डॉक्टर म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे, तरी या दिवसांत कुणी ना कुणी पोराचा हात सांभाळत दारात येतंच. म्हणून लिहून ठेवतो.

पाच ते सात वर्षांचं पोर हात टेकून पडलं की दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. तिथं ते चपटं नि पातळ असतं, आणि हाताला रक्त नेणारी मुख्य धमनी त्याच्या अगदी पुढून जाते. सगळी काळजी तिच्यासाठी.

हात ओढून सरळ करू नका. जसा वाकडा आहे तसाच ठेवा, खाली जाड पुठ्ठा द्या आणि ओढणीनं सैलसर झोळी करून गळ्यात अडकवा. कडं, अंगठी, मनगटाचा गंडादोरा लगेच काढा. तासाभरानं सूज चढली की निघत नाहीत. जखम होऊन रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. आणि वाटेत चहा-बिस्कीट देऊ नका. आजी मायेनं देते, पण पोट भरलेलं असलं की भूल द्यायला तासन्‌तास थांबावं लागतं आणि तेवढा वेळ पोर कळा सोसत पडून राहतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा चौथ्या दिवशी आला. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला होता. बाप म्हणाला, "डॉक्टर, पहिल्या रात्री लई रडला. दुसऱ्या दिवशी गप झाला. आमाला वाटलं, बरं व्हालंय." तो गप झाला होता, कारण हाताची संवेदनाच गेली होती. कामट्या सोडल्या तर बोटं आत वळलेली, पंजासारखी. पुढं ऑपरेशनं केली, पण त्या हातात पेन्सिल काही धरता आली नाही. बापाचं ते बोलणं मी पुढं प्रत्येक आईबापाला सांगत आलो.

सूज वाढते, वरून आवळलेलं असतं, आतल्या स्नायूंना रक्त मिळत नाही. साधारण सहा तासांनंतर ते कायमचे मरायला लागतात. जर्मन सर्जन रिचर्ड व्होल्कमन यांनी 1881 साली हे मांडलं, आजही या विकृतीला त्यांचंच नाव आहे. हे फक्त कामट्यांनी होतं असं समजू नका. आम्ही घातलेल्या प्लास्टरनं होतं, आणि काही न बांधताही होऊ शकतं.

म्हणून प्लास्टर घातल्यावर पहिल्या रात्री कुणीतरी जागं राहायचं. हात उशीवर, छातीपेक्षा उंच. दर तासाला बोटं बघायची. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा लाल व्हायला हवं. दुसऱ्या हाताशी ताडून बघा. स्पर्श कळतो का विचारा. मग पोराला बोटं हलवायला सांगा. आमच्या वॉर्डात निम्म्या पोरांना कानडीत "बेरळ अल्लाडसप्पा" म्हणावं लागे, निम्म्यांना "बोटं हलीव बाळा". शेवटी तुम्ही स्वतः त्याची बोटं हळूच सरळ करा. त्या क्षणी पोर किंचाळलं, किंवा औषध देऊनही कळ वाढतच गेली, तर हीच सगळ्यात आधीची खूण. मनगटाला नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. नाडी चालू असतानाही आतले स्नायू मरत असतात.

अशी खूण दिसली की हात उंच ठेवू नका, छातीच्या पातळीला आणा. अर्धं प्लास्टर असेल तर वरची पट्टी सैल करा, आतला स्लॅब, म्हणजे प्लास्टरची कडक पट्टी, मात्र हलवू नका. आणि निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तिथं स्पष्ट सांगा, "प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उघडा." डॉक्टर रागावतील अशी भीती मनात आणू नका. हाड सरकलं तर परत बसवता येतं.

प्लास्टर साधारण तीन-चार आठवड्यांत निघतं. कोपर आखडलेलं असतं, आणि घरात तेलाची वाटी बाहेर येते. इथं आजीला थांबवा. चोळून, जोर लावून वाकवलं तर स्नायूत नवं हाड धरतं आणि कोपर आणखीच जाम होतं. पोराला त्याच हातानं जेवू द्या, बादलीतल्या कोमट पाण्यात खेळू द्या. काही महिने लागतील. दर महिन्याला दोन्ही कोपरं शेजारी-शेजारी वाकवायला सांगून फरक बघत राहा.