पेठेतलं बंद शटर उघडायचं कसं? दुकान-इन्क्युबेटरची आपली पद्धत

कोल्हापुरात बिंदू चौकात गाडी लावायची, चालत अंबाबाईच्या देवळात जायचं, दर्शन झालं की महाद्वार रोडला खरेदी आणि परत गाडी. बाहेरगावची गर्दी ह्या एवढ्याच रस्त्यावर फिरते. तिथनं शंभर पावलं आत गल्लीत वळा, बंद शटर आणि त्यावर वाढदिवसाची पोस्टरं. आणि दुसरीकडं बघा, सुभाषनगरात चप्पल बांधणारा पोरगा आहे, घरात कांदा-लसूण मसाला कुटून व्हॉट्सअपवर विकणाऱ्या वहिनी आहेत, त्यांना दुकान पाहिजे पण डिपॉझिटचा आकडा ऐकूनच गार होतात. ह्या दोघांची गाठ घालून द्यायची, नवख्याला सहा-नऊ महिने स्वस्तात चुका करू द्यायच्या, आणि मग त्याला त्याच भागात स्वतःच्या दुकानात बसवायचं, ह्यालाच रिटेल इन्क्युबेटर म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी घाबरू नका.

कारण आपल्याकडं हे आधी झालंय. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले. ती लढाई अस्पृश्यतेची होती, नुसत्या धंद्याची नव्हती, ते विसरायचं नाही. पण धंद्याच्या बाजूनं बघितलं तर जागा आणि भांडवल देऊन महाराज थांबले नाहीत, पहिलं गिऱ्हाईकपण त्यांनीच आणलं. आजकालचे बरेच जण नेमकं हेच विसरतात.

आता कामाचं बोलू. सगळ्यात आधी जागेचा मालक. काका दुकान बंद ठेवतील पण भाड्यानं देणार नाहीत, कारण डोक्यात एकच भीती, "एकदा शिरला की निघत नाही." पागडीनं पोळलेली पिढी आहे, त्यांचं चुकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल गावात 2008 साली मार्कस वेस्टबरी यांनी रिन्यू न्यूकॅसल नावाचं काम सुरू केलं, तिथंही मेन रोडवर दुकानं ओस पडलेली, तर त्यांनी भाडेकरार केलाच नाही, नुसता वापरायचा परवाना घेतला, आणि तोही असा की मालकाला कोणी खरा भाडेकरू मिळाला तर 30 दिवसांच्या नोटिशीत जागा परत. मालकांचं टेन्शनच गेलं. आपल्याकडं त्याच्या जवळचं म्हणजे 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, आणि ते रजिस्टरच करायचं, नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवायचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणं ते रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी जागामालकाची असते, हे काकांना आधीच सांगा. वकिलाला एकदा मसुदा दाखवा, त्यात कंजुषी नको. करार काका आणि तुमची संस्था किंवा व्यापारी मंडळ यांच्यात झाला तर बरं, कारण काकांना चार नवखी पोरं सांभाळायची नसतात, त्यांना एकच ओळखीचं तोंड पाहिजे असतं.

भाडं पायऱ्या-पायऱ्यानं चढवा. समजा त्या गल्लीचा रेट 12,000 आहे. पहिले दोन महिने फक्त लाईटबिल, पुढचे दोन महिने 3,000, मग 6,000, मग 9,000. नवव्या महिन्यात पूर्ण रेट परवडला तर धंदा उभा राहिला, नाही परवडला तर निदान कर्ज न काढता कळलं. कायम फुकट ठेवू नका हो, फुकटच्या जागेत बसणारा माणूस दुपारी दोनला शटर ओढून घरी जेवायला जातो आणि पाचला उगवतो.

माणसं निवडताना आयडिया ऐकू नका, वही बघा. मागच्या तीन महिन्यात कुणाला काय विकलं, कितीला विकलं, परत किती जण आले. बचत गटाच्या स्टॉलवर किंवा इन्स्टावर ज्याचा माल आधीच खपतोय त्यालाच घ्या. आम्ही पहिल्या खेपेला हे केलं नाही, चार जण घेतले, चौघांकडं मसाले आणि चटण्या, वरनं सुरुवात केली जूनमध्ये. पाऊस असा लागला की गल्लीत कुत्रं फिरकेना, मसाल्याला ओल धरली, आणि गणपतीच्या आधी शटर खाली. त्यात बाजूच्या मसालेवाल्या मामांचा राग वेगळाच, "आम्ही भाडं भरायचं आणि ही पोरं फुकटात बसून आमचंच गिऱ्हाईक तोडणार व्हय?" मामांचं बरोबर होतं. तेव्हापासून नियम केला, गल्लीत जे आधीच विकलं जातंय ते घ्यायचं नाही, आणि एका दुकानात एका प्रकारचा माल एकाकडंच.

तीनशे स्क्वेअर फुटात तीन काउंटर आरामात बसतात. भिंतीला काही ठोकायचं नाही, उचलून नेता येतील असे रॅक घ्या. क्यूआर कोड प्रत्येकाचा वेगळा ठेवा, नाहीतर संध्याकाळी गल्ल्यावरनं भांडणं ठरलेली. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाईन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, रजिस्ट्रेशन आधी, मग दुकान. शॉप अॅक्टला मोजकीच माणसं कामाला असली की ऑनलाईन सूचना दिली की झालं.

आता खरं काम. काउंटरवर एक शाळेची वही ठेवा, त्यात तीन रकाने: किती जण थांबले, किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी घेतलं. चप्पलवाल्या पोराच्या वहीत पहिल्या आठवड्यात दिसलं की थांबतात भरपूर, भावही विचारतात, पण घेत नाहीत. रेट ऐकून पळत असतील असं आम्हाला वाटलं. मी एक रविवार तिथंच बसलो तर लक्षात आलं, लोक कापशी चप्पल, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, हातात घेतात, वाकवून बघतात, कडक लागली की "चावणार ही" म्हणून ठेवून देतात. मग पोरानं शेजारी स्वतःची दोन वर्षं वापरलेली चप्पल ठेवली, काळपट, मऊ पडलेली, आणि सांगायला लागला की आधी तेल पाजायचं, आठवडाभर घरात घालायची, मग पायाचा आकार घेते. भाव तोच, तिसरा रकाना भरायला लागला. दर सोमवारी कोणीतरी जाणता दुकानदार वही घेऊन अर्धा तास बसला पाहिजे, कॉलेजातलं मार्केटिंगचं लेक्चर नको.

गिऱ्हाईक गल्लीत वळवायचं तर पार्किंगपासनं बाण लावा, यात्री निवास आणि रिक्षावाल्यांशी बोलून ठेवा, आणि पहिल्या महिन्यात मंडळाच्या पोरांनी, नातेवाईकांनी पैसे देऊन खरेदी करायची, उधारीवर नाही. सुरुवात नवरात्राच्या दीड महिना आधी करा म्हणजे गर्दी यायच्या आत हात बसलेला असतो. लक्ष्मीपुरी, शाहूपुरीच्या सखल भागात जागा घेत असाल तर 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारून घ्या, भिंतीवर खूण दिसेलच.

नऊ महिने झाले की नवख्यानं काउंटर सोडायचा, तो कितीही लाडका असला तरी. सातव्या महिन्यापासनंच त्याच गल्लीत दुसरं शटर बघायला लागा, नाहीतर पोरगं राजारामपुरीला जातं आणि गल्ली परत ओस. आणि हो, दुकानाची एक किल्ली पहिल्या दिवसापासनं काकांकडंच राहू दे. आमचे काका आता रोज संध्याकाळी येतात, किल्ली खिशातच असते, खुर्ची टाकून दारात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आत बघा की, बघायला पैसे पडत नाहीत."