ब्राउजर चालवणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

पहिलं ध्यानात घ्या, एजंटला (सांगितलेलं काम स्वतः पायरीपायरीनं करणाऱ्या एआय मॉडेलला) तुमच्या टूलचा, म्हणजे त्यानं बोलवायच्या फंक्शनचा, कोड दिसत नसतो. फंक्शन आतून कितीही भारी असू द्या, मॉडेलपर्यंत जातंय ते फक्त टूलचं नाव, त्याचं वर्णन अन् पॅरामीटरची स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात भरायची त्याचा आराखडा), अन् तेवढ्यावरच त्याला ठरवावं लागतं की आत्ता कोणतं टूल घ्यायचं अन् त्यात काय भरायचं. एमसीपी सर्व्हर करा (मॉडेलला टूल्स जोडायचा, अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर 2024 मध्ये काढलेला प्रोटोकॉल) नाहीतर थेट एपीआयला टूल्स द्या, गोष्ट तीच.

समजा आपल्याला असा एजंट करायचाय जो रोज परभणी, हिंगोली, लातूरच्या मोंढ्याचे भाव वेबसाइटवरून काढून व्हॉट्सअॅपला टाकतो. त्याला टूल दिलं ‘गेट_डेटा’ अन् वर्णन लिहिलं ‘पेजवरून डेटा आणतो’. आता मॉडेलनं काय समजायचं? कोणतं पेज, ते आधी उघडलेलं पाहिजे का, हातात काय येणार, काहीच कळत नाही, मग ते अंदाजानं चालतं. त्यापेक्षा असं लिहा:

‘रीड_भाव_तक्ता: सध्या उघड्या असलेल्या बाजारभाव पेजवरचा तक्ता वाचतो. प्रत्येक ओळीत बाजार समिती, शेतमाल, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. दर रुपयांत, त्या ओळीतल्या परिमाणाप्रमाणे. पेज स्वतः उघडत नाही, आधी ओपन_पेज वापरा. त्या तारखेला आवक नसेल तर रिकामी यादी देतो, ती एरर नाही.’

शेवटचं वाक्य लई कामाचं आहे. ते नसलं की सुट्टीच्या दिवशी रिकामी यादी आली तरी एजंट पेज रिफ्रेश करत बसतो, कारण त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. अन् परिमाण यासाठी की सोयाबीन क्विंटलनं असलं तरी कोथिंबीर, मेथी नगावर असू शकते, ते नाही सांगितलं तर सगळ्यापुढं क्विंटल लावून मोकळा.

क्लिकचं टूल वेगळं प्रकरण आहे. प्लेराइटच्या (कोडनं ब्राउजर चालवायचं साधन) एमसीपी सर्व्हरमध्ये आधी पेजचा अॅक्सेसिबिलिटी स्नॅपशॉट, म्हणजे पेजवर काय काय आहे त्याची मजकुरातली यादी, घेतात, त्यात प्रत्येक बटणाला, लिंकला एक रेफ, म्हणजे ओळखखूण, मिळतो अन् तो रेफ देऊन क्लिक करायचं. तुमची पद्धत अशीच असेल तर वर्णनात स्पष्ट लिहा की रेफ शेवटच्या स्नॅपशॉटमधलाच चालतो, पेज बदललं की नवा स्नॅपशॉट घ्या. एरर मेसेजही असाच लिहा, ‘एलिमेंट सापडला नाही’ एवढ्यानं एजंट तिथंच अडकतो, ‘रेफ जुना झालाय, नवा स्नॅपशॉट घेऊन परत करा’ म्हटलं की लगेच पुढं जातो. माझ्या मते एरर मेसेज म्हणजे वर्णनाचाच दुसरा भाग, अन् त्याच्याकडं कोणी बघत नाही.

आता ड्रॉपडाउन. सातबाऱ्याच्या फॉर्मसारखे जिल्हा, तालुका, गाव असे एकामागं एक असतात, जिल्हा निवडल्याशिवाय तालुक्याची यादी भरतच नाही. मग वर्णनात लिहायचं की एका वेळी एकच निवडा अन् पुढची यादी लोड झाल्यावरच पुढचं टूल बोलवा. आपल्याकडं अजून एक भानगड आहे, 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं अन् उस्मानाबादचं धाराशिव, पण एखाद्या साइटवर अजून जुनं नाव असू शकतं. म्हणून जिल्ह्याच्या पॅरामीटरला ‘ड्रॉपडाउनमध्ये जसं लिहिलंय अगदी तसंच द्या, आधी लिस्ट_ऑप्शन्स वापरून बघा’ असं लिहा. स्कीमात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची पक्की यादी टाकायचा मोह होतो, पण साइटवरचं नाव वेगळं निघालं की तीच यादी आडवी येते. तारखेचं मात्र पक्कंच ठरवा, दिवस आधी का महिना आधी ते उदाहरणासकट.

फॉर्म सबमिट करणं, पैसे भरणं असलं टूल असेल तर ‘हे परत घेता येत नाही, आधी माणसाला विचारा’ हे पहिल्याच ओळीत पाहिजे. कॅप्चा, ओटीपी आला की थांबून माणसाकडं द्यायचं, हेही. एमसीपीत रीडओन्लीहिंट, डिस्ट्रक्टिव्हहिंट अशा खुणा आहेत त्या लावा, पण त्या नुसत्या सूचना आहेत, खरी अडवणूक कोडातच ठेवा.

सारखीच दोन टूल्स ठेवू नका, ‘क्लिक’ अन् ‘स्मार्ट_क्लिक’ दोन्ही दिले तर कधी कोणतं ते मॉडेलला कळत नाही, एक काढून टाका. वर्णन मराठीत लिहिलं तरी चालतं, टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) जरा जास्त जातात, पण इंग्रजीत लिहिलं तरी पेजवरचे शब्द, ‘सर्वसाधारण दर’ वगैरे, जसेच्या तसे मराठीत ठेवा.

मग लोक विचारतात तसं विचारून बघा, ‘आज वसमतला हळद काय भाव गेली’, अन् उत्तराच्या आधी लॉग उघडा, कोणतं टूल बोलवलं, त्यात काय भरलं. चुकीचं टूल घेतलं असेल तर प्रॉम्प्टला ठिगळं लावत बसू नका, त्या टूलचं अन् ज्याच्याशी घोळ झाला त्याचं, दोन्हीची वर्णनं शेजारी ठेवून वाचा अन् ‘हे कधी वापरायचं नाही’ ते दोन्हीत लिहा.