अमेरिकेतली नोकरी गेली तर: साठ दिवस कसे मोजायचे, कसे वापरायचे

पाडव्याला सालगडी ठरतो, तेव्हा निदान पुढच्या पाडव्यापर्यंतचं बोलणं झालेलं असतं. धान्य किती, रोख किती, मधेच सोडलं तर उचल कशी फेडायची, सगळं. अमेरिकेतल्या लाख डॉलर पगाराच्या नोकरीत एवढंही ठरलेलं नसतं. तिथली नोकरी ‘ॲट-विल’ असते, म्हणजे दोघांच्या मर्जीवर. कंपनी आज दुपारी काढू शकते, कारण न सांगता आणि नोटीस न देता. तुम्हीही आज दुपारी सोडू शकता. पन्नास राज्यांत एकट्या मोंटानात, परीक्षाकाळ संपल्यानंतर, काढायला सबळ कारण लागतं. हिंजवडीतल्या तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडची सवय असलेल्याला हे पचायला जड जातं.

तिथल्या माणसाची नोकरी गेली की पगार जातो. एच-१बीवर, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळवलेल्या नोकरीच्या व्हिसावर, गेलेल्याचा पगार जातो आणि देशात राहण्याचा आधारही जातो, कारण त्याची परवानगी त्या एका कंपनीच्या अर्जावर उभी असते. तीन वर्षांचा व्हिसा म्हणजे तीन वर्षांची नोकरी नव्हे. बडनेरा, शेगाव, पुसदच्या कॉलेजातून शिकून गेलेल्या पोरापोरींनी आणि त्यांच्या घरच्यांनीही हे आधीच समजून घेतलेलं बरं.

सही करण्याआधी

ऑफर लेटरमध्ये ‘ॲट-विल’ हा शब्द असणारच. तो काढून मागण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी काढल्यास किती आठवड्यांचा पगार देणार, हे लेखी मागा. असा पगार देण्याची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे लिहून घेतलं तरच तो हक्काचा.

एच-१बी अर्जाची सरकारी फी आणि त्या अर्जाचा वकील हा कंपनीचा खर्च आहे. तो तुमच्याकडून मागणारी कन्सल्टन्सी पहिल्याच पायरीवर नियम मोडते. ‘दीड वर्षाच्या आत सोडलंस तर दहा हजार डॉलर भर’ असा दंडही चालत नाही. कंपनीचं खरोखर झालेलं नुकसान राज्याच्या कायद्यानुसार मागता येतं, पण ते आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एलसीए नावाच्या कागदावर तुमचा पगार आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. कामावर रुजू व्हाल त्या दिवसापर्यंत त्याची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. प्रोजेक्ट नाही म्हणून बिनपगारी ‘बेंच’वर बसवलं तर तो बेकायदा प्रकार आहे. काम नसणं हा कंपनीचा प्रश्न, पगार चालूच राहायला हवा. नाही दिला तर डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर अमेरिकेच्या कामगार खात्याकडे बारा महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

कागद घरच्या ईमेलवर ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. आय-७९७ मंजुरीपत्र, एलसीए, पगाराच्या सगळ्या स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद), ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज झाला असेल तर त्याचा पावती क्रमांक. काढण्याचा फोन सुरू असतानाच लॉगिन बंद होतं, मग स्वतःची पगार स्लिपही एचआरला मागत बसावं लागतं. कंपनीच्या कामाच्या फायली मात्र उचलू नका, त्यावरून उलटा दावा होतो.

दिवस मोजणे

नोकरी संपली की १७ जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं. मोजणी साधारणपणे ज्या दिवसाचा शेवटचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. शेवटचा पगार १० मार्चचा असेल तर पहिला दिवस ११ मार्च आणि साठावा दिवस ९ मे. शनिवार, रविवार, सुट्या सगळ्या धरून. साठावा दिवस रविवारी पडला तर सोमवार मिळेल, या भरवशावर राहू नका.

लोक इथे तीन ठिकाणी चुकतात. पहिली चूक म्हणजे पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पाहणं. राहण्याची मुदत आय-९४, म्हणजे देशात प्रवेशाची सरकारी नोंद, ठरवतो. तो २० एप्रिलला संपत असेल तर ९ मे विसरा, तुमची मुदत २० एप्रिल. दुसरी, एकरकमी मिळालेले आठ आठवड्यांचे पैसे म्हणजे आठ आठवडे पुढे, असा हिशोब. त्या पैशाने दिवस वाढत नाहीत. ‘काम नाही पण दोन महिने पगारपत्रकावर ठेवतो’ असं कंपनी म्हणाली तरी सावध गडी काम थांबल्याच्या तारखेपासूनच मोजतो. तिसरी, या साठ दिवसांत काम करणं. एक तासही नाही, मित्राच्या दुकानातही नाही.

नव्या कंपनीचा अर्ज साठाव्या दिवसाच्या आत यूएससीआयएसकडे, म्हणजे व्हिसाचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे, पोचलेला हवा. मुलाखत झाली, ऑफर आली, याला किंमत नाही. म्हणून मागून मोजत या. एलसीए मंजूर व्हायला ७ कामाचे दिवस लागतात. कंपनीने आधी कधी एच-१बी केला नसेल तर तिचा कर क्रमांक तपासण्यातच आणखी काही दिवस जातात. वकिलाचे कागद, सह्या, कुरिअर यात एक आठवडा. म्हणजे ऑफर साधारण ३५व्या दिवसापर्यंत हातात हवी, आणि पहिल्या मुलाखतीतच ‘मला एच-१बी ट्रान्सफर (तुमच्या कंपनीकडून नवा अर्ज) लागेल, शेवटची तारीख ९ मे’ असं स्पष्ट सांगायला हवं. लाजून ते शेवटी सांगणाऱ्यांची ऑफर एचआर आणि वकील यांच्या मधे अडकते. अर्ज वेळेत पोचला की मंजुरीची वाट न पाहता नव्या कंपनीत काम सुरू करता येतं.

४०व्या दिवसापर्यंत काही जमलं नाही तर दुसरी वाट तयार ठेवा. नवरा किंवा बायको स्वतः एच-१बीवर असेल तर एच-४, म्हणजे जोडीदाराचा दर्जा, मागायचा, ही सगळ्यात सरळ वाट. नाहीतर आय-५३९ फॉर्मवर बी-२ पाहुण्याचा दर्जा मागता येतो. तो अर्ज प्रलंबित असेपर्यंत राहता येतं, काम करता येत नाही. नंतर नोकरी मिळाली तर नवा एच-१बी मंजूर झाल्यावरच रुजू होता येतं. तिथे जादा फी भरून १५ कामाच्या दिवसांत निर्णय मागणं परवडतं.

आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुनी कंपनी तो मागे घेऊनही तुमची ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख खाऊ शकत नाही. त्या आधारावर एच-१बीच्या कमाल सहा वर्षांपुढची मुदतवाढही नव्या कंपनीकडून मिळते.

एमएस करून ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी) असलेल्यांचा हिशोब वेगळा आहे: एकूण ९० दिवस बेकारी चालते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर मिळणारी स्टेम मुदतवाढ धरून १५०.

या काळात ‘पेरोल चालवून देतो, महिन्याला एवढे द्या’ असा फोन हमखास येतो. काम नसताना पगाराच्या खोट्या स्लिपा म्हणजे फसवणूक. साठ दिवस वाचतात, पुढचा प्रत्येक अर्ज बुडतो.

काढल्याच्या दिवशी

राजीनामा लिहू नका. ‘तुझ्या रेकॉर्डला बरं दिसेल’ असं गोड बोलून तो मागतात. कंपनीने एच-१बीची मंजूर मुदत संपण्याआधी काढलं तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च कंपनीला द्यावा लागतो, तो फक्त तुमचा, बायकापोरांचा नाही. स्वतः सोडलं तर तो हक्क जातो.

काही आठवड्यांच्या पगाराच्या बदल्यात कंपनीवरचा दावा सोडून देण्याचा कागद पुढे येईल. त्यावर त्याच दिवशी सही नको. वय ४० किंवा जास्त असेल तर वयाबाबतचा दावा सोडताना विचाराला २१ दिवस, अनेकांना एकदम काढलं असेल तर ४५ दिवस, आणि सही केल्यावर मागे फिरायला ७ दिवस द्यावे लागतात. तरुणांना तो कायदा लागू नाही, पण आठवडा मागितला तर बहुतेकदा मिळतो.

कॅलिफोर्नियात शेवटचा पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात, इतर राज्यांत नियम निराळे. आरोग्य विमा महिनाअखेर किंवा त्याच दिवशी तुटतो. २० किंवा अधिक कामगारांच्या कंपनीत कोब्रा योजनेखाली तोच विमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के स्वतः भरून. तो घ्यायचा की नाही हे कळवायला ६० दिवस असतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो. धडधाकट माणसाने थांबून पाहावं, मधे दवाखाना लागलाच तर तेव्हा घ्यावा.

मर्जीलाही कुंपण आहे. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश या कारणांवरून काढणं १९६४च्या नागरी हक्क कायद्याने बंद केलं, तो १५ किंवा अधिक कामगारांच्या कंपनीला लागू आहे. तक्रार ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतला भेदभाव पाहणाऱ्या सरकारी आयोगाकडे, १८० दिवसांत, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत. १०० किंवा अधिक कामगारांच्या कंपनीला घाऊक कपातीआधी ६० दिवसांची नोटीस देण्याचा १९८८चा वॉर्न कायदाही आहे. पण तक्रार टाकली म्हणून तुमचं ९ मे पुढे सरकत नाही.

भारतात परत यायचं ठरलं तरी एच-१बीच्या सहा वर्षांतली उरलेली मुदत पुढे लॉटरीशिवाय (नव्या एच-१बीसाठीच्या सोडतीशिवाय) पुन्हा वापरता येते. मात्र २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीवर १ लाख डॉलरचा भार टाकणारा आदेश निघाला. तो बारा महिन्यांपुरता काढला होता. विमानात बसण्याआधी त्याची सद्यस्थिती वकिलाला विचाराच.

गावाकडे

पहिल्या आठवड्यातच घरी सांगा. ‘काढलं म्हणजे काहीतरी केलं असेल’ असं पारावर म्हणणारे भेटतीलच. एका दिवसात हजारोंना काढतात हे बाबांना माहीत असलं की ते उत्तर देऊ शकतात. अमेरिकेच्या पगारावर ट्रॅक्टरचा किंवा अमरावतीच्या प्लॉटचा हप्ता बांधू नका. सहा महिन्यांचा खर्च आणि परतीचं तिकीट आधी बाजूला ठेवा.

शिक्षण कर्ज असेल तर हप्ता थकण्याआधी वडिलांनी शाखेत जाऊन नोकरी गेल्याचं पत्र द्यावं आणि हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज करावा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचं सिबिलही बिघडतं. मार्चमध्ये नोकरी गेली आणि कोणी बँकेत गेलंच नाही, तर ऐन पेरणीच्या तोंडावर पीककर्जाच्या टेबलावर तेच खातं आडवं येतं.